उद्योगमंत्र्यांना, शिरोलीच्या भट्टीवरून

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



साहेब, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक छोटा फाउंड्रीवाला. वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोल्डर होते. हातांनी वाळू ठोकून साचे करायचे आणि क्युपोला (कोकवरची भट्टी) फोडला की लोखंडाच्या लाल रसाचा लेडल धरून धावायचे. त्या पगारातून त्यांनी मला डिप्लोमापर्यंत शिकवले. आज माझ्याकडे एक टनाची इंडक्शन भट्टी आहे, साठ-पासष्ट माणसे कामाला आहेत आणि महिन्याला सुमारे तीनशे टन रस ओतला जातो. पंपाच्या, ट्रॅक्टरच्या आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगांवर आमच्या सगळ्यांची घरे चालतात.

पर्यावरण आणि उद्योग यांबद्दल सरकारी व्यासपीठांवरून जे ऐकतो, त्यात माझ्या कारखान्यातली एक साधी गोष्ट कुठे येत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या भट्टीतून जी उष्णता वाया जाते, तिचे पैसे मी आधीच भरलेले असतात. जी वाळू मी उकिरड्यावर टाकतो, ती मी विकत आणलेली असते. प्रदूषण आणि तोटा माझ्याकडे एकाच भोकातून बाहेर पडतात. ते भोक बुजवण्यात माझाही फायदा आणि पंचगंगा नदीचाही. मग मी ते आजवर का बुजवले नाही, हे आपण समजून घ्यावे असे मला वाटते, कारण सरकारचे काम तिथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी एका योजनेतून एक तरुण इंजिनिअर आमच्याकडे ऊर्जा लेखापरीक्षणाला आला. त्याने विचारले, सुट्टी कधी असते? म्हटले, उद्या. तर म्हणाला, मी उद्याच येतो. दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना बंद. त्याने फक्त कॉम्प्रेसर चालू करायला सांगितला आणि घड्याळ हातात घेऊन उभा राहिला. एकही यंत्र हवा घेत नव्हते, तरी दर दहा मिनिटांतली चार मिनिटे कॉम्प्रेसर भार घेऊन चालत होता. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या चाळीस टक्के हवा नुसती गळत होती. एरवी मोल्डिंग यंत्रांच्या दणदणाटात काही ऐकू येत नाही. त्या दिवशी शेडभर सूं सूं आवाज येत होता, जणू भिंतींत सापच बसले आहेत. साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन आम्ही दोघे फिरलो. जिथे फेस फुगला तिथे खडूने फुली मारली. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न फुल्या झाल्या. ढिल्या क्लिपा, कुजलेले होज, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले जोड.

कॉम्प्रेसरच्या हवेइतकी महाग वस्तू कारखान्यात दुसरी नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो, बाकी उष्णता होऊन जाते. सात बारच्या दाबाखाली तीन मिलिमीटरचे एकच भोक असले तरी ते सुमारे तीन किलोवॅट खाते. वर्षाला सहा हजार तास धरले तर अठरा हजार युनिट. साडेआठ रुपयांचा दर लावला तर दीड लाख रुपये. एका भोकाचे! आमच्या सगळ्या फुल्या बुजवायला आला तो खर्च काही हजारांत होता.

त्याच इंजिनिअरने भट्टीकडे बोट दाखवून विचारले, झाकण कुठे आहे? झाकण भट्टीबरोबरच आले होते. पण भंगार टाकताना ते आड येते, म्हणून कामगारांनी ते पहिल्या वर्षीच काढून ठेवले होते. बिजागरी तुटलेले ते झाकण भंगाराच्या ढिगामागे गंजत पडले होते. चौदाशे-साडेचौदाशे अंशांवरच्या रसाचे तोंड दिवसभर उघडे, आणि वर छताचा पत्रा कायम तापलेला. भट्टीवरचा माणूस त्या झळीत आठ तास उभा. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण पूर्वीपासून तसेच चालत आले होते.

आता हिशेब सांगतो, कारण मंत्रालयात भावना पोचत नाहीत, आकडे पोचतात असे ऐकले आहे. लोखंड वितळवून पंधराशे अंशांवर न्यायला टनाला चारशेच्या आसपास युनिट लागतात, असे भौतिकशास्त्र सांगते. प्रत्यक्षात चांगली भट्टी साडेपाचशे ते सहाशे घेते. आमची साडेसहाशे घेत होती. झाकण पुन्हा बसवले, भंगारातली माती आणि गंज आधी झाडून टाकायला लागलो, साचे तयार नसताना रस तापवत ठेवण्याची सवय मोडली आणि आकडा पाचशे ऐंशीवर आला. टनामागे सत्तर युनिट. तीनशे टनांना महिन्याला एकवीस हजार युनिट, म्हणजे पावणेदोन लाखांहून अधिक रुपये. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा वर्षाला पावणेदोनशे टन कार्बनही वाचला. त्यासाठी मी कोणतेही नवे यंत्र घेतले नव्हते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. झाकण बसवणे एका दिवसाचे काम होते. ते बसवलेले राहायला दोन महिने लागले. भट्टीवाला दर पाळीत ते काढून ठेवायचा आणि मी पुन्हा लावायला सांगायचो. शेवटी आमच्याच फिटरने त्याला उलट वजन बांधून एका हाताने उघडेल असे केले, तेव्हा कुठे ते टिकले. लेखापरीक्षणाच्या कोणत्याही अहवालात ते उलट वजन नव्हते. आणि तो इंजिनिअर? त्याच्या योजनेची मुदत संपली, तो दुसऱ्या नोकरीवर गेला. त्याच्या साठ-सत्तर पानी अहवालातल्या अकरा सूचनांपैकी चार झाल्या. बाकीच्या सातांना पैसे लागतात, आणि त्याहून जास्त लागतो तो कोणीतरी पाठीशी उभा असलेला माणूस.

म्हणून माझी पहिली मागणी एका माणसाची आहे. आमच्या जिल्ह्यात दूध संघाचा गुरांचा डॉक्टर गोठ्यात येतो. म्हैस आजारी पडल्यावरच येतो असे नाही. तो लस टोचतो, वैरण बघतो, गाभण म्हशीची चौकशी करतो. गावच्या बाईला त्याचा फोन नंबर पाठ असतो. कोल्हापूरचे दूध पुढे गेले त्यात त्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. अडीच-तीनशे फाउंड्री असलेल्या या जिल्ह्यात तसे पाच-सहा इंजिनिअर द्या. पगार सरकारचा, बसायची जागा औद्योगिक वसाहतीत आणि नेमणूक निदान पाच वर्षांची. त्यांच्याजवळ मीटर असावा, थर्मल कॅमेरा असावा, आणि कारखान्यात आल्यावर नोटीस काढायचा अधिकार मुळीच नसावा. ज्याच्या हातात नोटीस असते त्याला कोणी गळकी जागा दाखवत नाही.

नुसता आदेश पुरत नाही, पाठीशी माणूस लागतो, हे मी मनाने रचत नाही. 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या 292 कारखान्यांना कोळसा-कोक सोडून गॅसवर जा, नाहीतर इथून हला, असा आदेश दिला. त्यात आग्र्याच्या पुष्कळ फाउंड्री होत्या. ताज वाचायलाच हवा होता, त्याबद्दल वाद नाही. पण आदेश आला तेव्हा छोट्या फाउंड्रीवाल्याच्या हातात त्याला परवडेल असे तयार तंत्र नव्हते. काही गॅसवर गेल्या, काही बंद पडल्या. त्याच सुमाराला हावड्यात वेगळे काम चालू होते. टेरी या संस्थेने स्विस सरकारच्या मदतीने तिथल्या एका छोट्या फाउंड्रीत नवा क्युपोला उभा केला. 1998 मध्ये तो सुरू झाला. युक्ती साधी होती. जुन्या क्युपोलात हवा एकाच ओळीतल्या तोंडांतून जाते आणि कोकचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होऊन वर निघून जातो. नव्यात थोड्या उंचीवर हवेची दुसरी ओळ दिली, तो वायू तिथे पेटला आणि त्याची उष्णता खाली रसाला मिळाली. पूर्वीच्या मानाने कोक सुमारे एक तृतीयांश कमी लागला, रस जास्त तापलेला मिळू लागला आणि धूळही आवरली गेली. त्यासाठी टेरीच्या लोकांना भट्टीपाशी घाम गाळत उभे राहावे लागले, बंगाली मिस्त्रींशी वाद घालावे लागले. लहान उद्योग असाच बदलतो.

दुसरी गोष्ट पैशाची. माझ्या राहिलेल्या सात सूचनांत नवा कॉम्प्रेसर होता, इन्व्हर्टरवर चालणारा ब्लोअर होता आणि वाळू थंड करण्याचे यंत्र होते. मी एका बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी अहवाल चाळला आणि विचारले, यातून उत्पादन किती वाढेल? म्हटले, उत्पादन तेवढेच राहील, बिल कमी होईल. ते म्हणाले, मग आम्ही कर्ज कशावर देऊ? उत्पन्न वाढले की बँकेला ते दिसते. खर्च घटला तर दिसत नाही. त्यांनी घर तारण मागितले. ते आधीच तारण होते.

2025 च्या जुलैत केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एक हजार कोटींची अडिटी नावाची योजना सुरू केली. निदान दहा टक्के ऊर्जा वाचवणारी यंत्रे घेणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के सूट, मध्यम उद्योगांना तीन टक्के. यादीत फाउंड्रीही आहे. योजना चांगली आहे, मी मनापासून सांगतो. पण व्याजाची सूट कर्ज मिळाल्यावर लागते. आमची गाडी त्याआधी, तारणापाशी अडते. राज्य सरकारने तिथे हात द्यावा: ऊर्जाबचतीच्या कर्जाला राज्याची हमी द्यावी आणि हप्ता वाचलेल्या वीजबिलातून फिटावा. महावितरणकडे माझ्या मीटरची वर्षानुवर्षांची नोंद आहे. कर्ज घेतल्यावर टनामागे युनिट किती घटले हे कोणालाही बिलावरून आणि उत्पादनाच्या नोंदीवरून ताडून बघता येईल. फुगवलेल्या दरपत्रकावर अनुदान घेऊन यंत्र कोपऱ्यात ठेवण्याचा प्रकार त्याने बंद होईल. तो प्रकार आमच्याही धंद्यात होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि आमचेच पैसे वेळेवर मिळाले तर निम्मे कर्ज मागावेही लागणार नाही. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करायचे असते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. माझ्या एका मोठ्या ग्राहकाकडून मला सरासरी एकशे दहा दिवसांनी पैसे मिळतात. व्याज मागायची माझी छाती नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच्याच हातात आहे. आयकर कायद्यात उशिराच्या बिलांवर कलम आले, तेव्हा काही ठिकाणी बिले लवकर निघाली आणि काही ठिकाणी लहानांकडचे काम मोठ्यांकडे वळले. कारखान्यात एकशे दहा दिवस पैसा अडकला की मालक पहिला खर्च कापतो तो दुरुस्तीचा. मग क्लिप ढिली राहते, धूळ ओढणाऱ्या यंत्राची फाटकी पिशवी बदलली जात नाही आणि धूर वाढतो. उधारी आणि धूर यांचा असा थेट संबंध आहे. निदान राज्याच्या मालकीच्या कंपन्या, महामंडळे आणि त्यांचे ठेकेदार यांच्याकडची बिले तरी पंचेचाळीस दिवसांत निघतील, इतके आपल्या हातात आहे.

आता वाळूबद्दल थोडे विस्ताराने, कारण कोल्हापूरच्या लोकांची आमच्यावरची खरी तक्रार तीच आहे, आणि ती रास्त आहे.

साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी. ओतल्यावर ती चाळून, पाणी आणि माती घालून पुन्हा वापरतो. पण रसाला टेकलेला थर जळतो, कास्टिंगमधली पोकळी करणाऱ्या गाभ्यांची रेझिन घातलेली वाळू त्यात मिसळते आणि दर फेऱ्याला काही वाळू काढून टाकावीच लागते. ही जळकी वाळू काळी असते, हाताला मऊ लागते, वास येतो. ती ट्रॉलीत भरून जाते. कुठे जाते हे बरीच वर्षे आम्ही विचारत नव्हतो. ट्रॉलीवाला ठरलेले पैसे घ्यायचा आणि आम्ही मोकळे. मग एका पावसाळ्यात वसाहतीबाहेरच्या एका शेतकऱ्याने मला त्याच्या बांधावर नेले. ओढ्याच्या काठी काळा ढीग होता, पावसाने त्यातून काळे पाणी उसाच्या सरीत उतरत होते. ढिगात आमच्याच कारखान्यातला एक तुटका गाभा दिसला. मी तो खिशात घालून आणला. आजही तो टेबलावर आहे.

ही वाळू पुन्हा नवी करता येते. रेझिनची वाळू सहाशे-सातशे अंशांवर भाजली की रेझिन जळून जाते आणि स्वच्छ दाणा परत मिळतो. पण असे यंत्र एका छोट्या फाउंड्रीला परवडत नाही. त्याला रोज पुरेशी वाळू हवी, ती पन्नास-शंभर कारखान्यांची मिळूनच होते. म्हणजे सामाईक केंद्र हवे. सामाईक केंद्रांचा आमचा अनुभव असा आहे की इमारत आणि यंत्र यांना अनुदान मिळते, उद्घाटन होते, आणि पुढे चालवण्याचा खर्च कोणी उचलायचा यावर ते रखडते. वाळू वर्गवारीने वेगळी करून आणायला गाडी कोण पाठवणार? परत आलेल्या वाळूच्या गुणवत्तेची हमी कोण देणार? एका गाभ्यात जरी वायू अडकला तरी माझे कास्टिंग भोके पडून रिजेक्ट होते. मी भरवसा कशावर ठेवू? पहिली तीन वर्षे चालवण्याचा तोटा आणि वाळूच्या चाचणीचा खर्च सरकारने सोसावा. नंतर आम्ही फाउंड्रीवाले तो उचलू, कारण नव्या वाळूचा आणि तिच्या वाहतुकीचा खर्च वाचेल. 

जी वाळू भाजूनही परत येणार नाही, ती रस्त्याच्या भरावात, पेव्हर ब्लॉकमध्ये, विटांत जाऊ शकते. मात्र तिच्यात जड धातू किती, पाण्यात काय उतरते, हे दर खेपेला तपासूनच. आमच्या संघटनेने कितीही पत्रे लिहिली तरी सार्वजनिक बांधकाम विभागाचा कनिष्ठ अभियंता दरसूचीत नाव दिसल्याशिवाय असा माल घेत नाही, आणि त्याचा दोष नाही. उद्या पुलाच्या भरावाला काही झाले तर जबाबदार तोच. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत तपासलेल्या फाउंड्री वाळूची एक ओळ आली तर काळे ढीग आपोआप उचलले जातील. त्या एका ओळीला खर्च काही येत नाही.

वाळूचे बोलतो आहे तर फुप्फुसांचेही बोललेच पाहिजे. सिलिकाची बारीक धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामाला, बहुतेक पोरे बिहार-ओडिशाची किंवा उत्तर कर्नाटकातली आहेत. दम लागू लागला की ती गावाकडे जातात आणि आमच्या नोंदीतून नाहीशी होतात. माझे वडील शेवटची सहा वर्षे बसूनच झोपत. डॉक्टरांनी दमा म्हटले, आम्हीही दमा म्हणत राहिलो. पर्यावरणाचा विचार नदीपासून सुरू होतो तसा तो फेटलिंगच्या खोलीपासूनही सुरू व्हायला हवा. धूळ ओढणाऱ्या यंत्रांना ऊर्जाबचतीच्या यंत्रांइतकीच सवलत हवी, आणि फाउंड्री कामगाराचा छातीचा एक्स-रे तो दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याच्यामागे जाईल अशी नोंद हवी.

विजेच्या दराबद्दल थोडक्यात. कर्नाटकची हद्द आमच्यापासून तासाभराच्या आत आहे आणि तिथला दर कमी असला की इथले लोक जमिनी बघायला जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच. मला स्वस्त विजेपेक्षा स्थिर नियम हवेत. वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेला सवलत होती, म्हणून कोल्हापूरच्या भट्ट्या रात्री पेटत. आता सौरऊर्जा दुपारी भरपूर असते. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज निदान वीस टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग ठेवायला सांगितले. हे योग्य आहे. भट्टी दुपारी चालवायला मी तयार आहे, त्यात कामगारांची झोपही वाचेल. पण पाळ्या बदलायच्या म्हणजे साठ घरांचे वेळापत्रक बदलायचे. 2025 च्या मार्चमध्ये वीजदराचा एक आदेश आला, जूनमध्ये तो बदलला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशा हवेत कोण पाळ्या बदलेल? दुपारच्या सवलतीचा आकडा पाच वर्षांसाठी बांधून द्या, मी पुढच्या महिन्यात भट्टीची वेळ बदलतो.

प्रदूषण तपासणीबद्दल गुजरातकडून घेण्यासारखे काही आहे. तिथे कारखानदार स्वतः तपासनीस निवडायचा आणि स्वतःच त्याला पैसे द्यायचा. अहवाल अर्थातच मर्यादेच्या आत यायचे. 2009 ते 2011 मध्ये एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, मायकेल ग्रीनस्टोन आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. तपासनीस चिठ्ठी टाकून नेमला, पगार सामाईक निधीतून दिला आणि काही अहवाल दुसऱ्याकडून पडताळले. तपासनीस खरे आकडे लिहू लागले, आणि खरे आकडे बाहेर येऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषण कमी केले. पुढे 2019 पासून सुरतेत तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुरांड्यांवर मीटर बसवून धुळीचे परवाने विकण्या-घेण्याचा बाजार सुरू झाला. जो स्वस्तात धूळ कमी करू शकतो त्याने जास्त करावी आणि उरलेला परवाना विकावा. तिथे धूळ वीस ते तीस टक्के घटली. आपल्या राज्याच्या प्रदूषण मंडळानेही 2017 मध्ये धुरांड्यांच्या धुळीवरून कारखान्यांना तारे देण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. तो धागा इथेही पुढे न्यावा. प्रामाणिकपणे पिशव्या बदलणाऱ्या फाउंड्रीला आज एकच बक्षीस मिळते: तिचे कास्टिंग किलोमागे दोन रुपयांनी महाग पडते आणि ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते.

हे सगळे आताच का? युरोपने 2026 च्या जानेवारीपासून आयात लोखंड-पोलादावर कार्बनची किंमत लावायला सुरुवात केली आहे. आमची बरीचशी कास्टिंगे आज त्या यादीत नाहीत. पण पुण्याचा ग्राहक मला आत्ताच विचारतो की किलोमागे तुझा कार्बन किती? ज्या फाउंड्रीला सांगता येईल तिच्याकडे काम राहील. मोठ्या कारखान्यांसाठी केंद्राने 2012 पासून ऊर्जाबचतीची सक्ती आणि तिच्या प्रमाणपत्रांचा बाजार उभा केला. पहिल्या फेरीत 478 कारखान्यांनी मिळून ठरलेल्या लक्ष्याहून अधिक ऊर्जा वाचवली. आम्ही लहान म्हणून त्या मोजणीच्या बाहेर राहिलो, आणि बाहेर राहिल्यामुळे मोजायला शिकलो नाही.

आणि या कार्बनने बिघडलेल्या हवामानात पूर येतो तेव्हा तो लहान-मोठा बघत नाही. 2019 च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, 2021 च्या जुलैत पुन्हा गेला. दोन्ही वेळा माझे भरलेले ट्रक उभे होते आणि कामगारांची घरे पाण्यात होती.

साहेब, गुंतवणुकीच्या मोठ्या करारांच्या बातम्या मी वाचतो, आनंदही होतो. पण या राज्यातला फार मोठा कामगारवर्ग माझ्यासारख्या शेडमध्ये काम करतो. तिथे एक इंजिनिअर, एक हमी, एक दरसूचीतली ओळ आणि वेळेवर निघालेले बिल एवढे पुरेसे होईल, असे मी अनुभवाने म्हणतो. आपण एकदा या. भट्टी पेटलेली असताना सगळेच मंत्री येतात आणि ठिणग्यांसमोर फोटो होतो. आपण सुट्टीच्या दिवशी या, शेड बंद असताना. वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्यात कॉम्प्रेसर चालू करायला सांगा आणि दहा मिनिटे ऐका. साबणाचे पाणी आणि खडू मी घेऊन येतो.

आपला विश्वासू,
शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्रीवाला